आमच्या साडेअकरा एकरांवर ड्रोन फिरवून घेतला, त्याचा अनुभव

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. 1982 ला लागलो, 2017 ला निवृत्त झालो. पस्तीस वर्षं लोकांच्या बांधावर उभं राहून मोजणी केली. त्यामुळे स्वतःच्या शेतावर ड्रोन फिरवायचा म्हटल्यावर हौस होती, तितकीच धास्तीही होती. आमचं शेत सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. एकच गट, साडेअकरा एकर. पावणेचार एकर डाळिंब आणि बाकीच्यात तूर, शाळू, थोडा कांदा.

ज्यांच्याकडून काम करून घेतलं ती तालुक्याच्या गावातली दोन तरुण पोरं आहेत. त्यांचं नाव इथं देत नाही, कारण एका बाबतीत मला त्यांच्याबद्दल तक्रार आहे आणि ती बाब मला एकट्या त्यांची वाटत नाही. असं काम करणारे आता प्रत्येक तालुक्यात झालेत, म्हणून हे सगळ्यांनाच लागू पडेल. पाचपैकी चार गुण देतो. एक गुण का कापला तो मुद्दा हद्दीचा आहे. तो नीट वाचा, त्यावरून भावाभावांत कोर्टकचेरी होऊ शकते.

ड्रोनची गरज दोन कारणांनी पडली. शेततळं घ्यायचं होतं आणि ते कुठं घ्यायचं यावर घरात एकमत होत नव्हतं. थोरला मुलगा म्हणे विहिरीच्या वर, धाकटा म्हणे खालच्या तालीत, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या पोटात. दुसरं म्हणजे डाळिंबाला मर लागली होती. झाडं जात होती, पण किती आणि कुठली, याचा हिशेब लागत नव्हता. बागेत उभं राहिलं की समोरच्या दोन ओळी दिसतात. चार एकरांचं चित्र डोक्यात बसत नाही.

ठरलेला दर असा: पंधरा एकरांपर्यंत 12,000 रुपये. जमिनीवरचे खुणेचे बिंदू रोव्हरनं, म्हणजे उपग्रहाच्या आधारानं अचूक जागा सांगणाऱ्या यंत्रानं, घ्यायचे असतील तर 3,000 जादा. मी ते घ्यायला लावले आणि तुम्हीही घ्यायला लावा. त्या बिंदूंशिवाय नकाशा दिसायला झकास दिसतो, पण तो हवेत तरंगतो. लांबी-रुंदीत तीन-चार फूट इकडेतिकडे झालेलं तुमच्या लक्षातही येणार नाही, आणि उंचीचा तर भरवसाच धरू नका.

येण्याआधी फोनवर मी तीन गोष्टी विचारल्या. उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट आहे का, ड्रोनचा नोंदणी क्रमांक म्हणजे युआयएन आहे का, आणि आमचं गाव डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात कुठल्या रंगात येतं. तिन्हीची उत्तरं त्यांनी न चाचरता दिली, कागद व्हॉट्सॲपवर पाठवले. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, आणि आमचं गाव हिरव्यात आहे. 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंदा म्हणून उडवणाऱ्याकडे मात्र सर्टिफिकेट पाहिजेच. लग्नाचं शूटिंग करणारा एखादा पोरगा स्वस्तात येतो म्हणेल, त्याला आधी हे विचारा.

आदल्या दिवशी मी पोलीस पाटलांच्या कानावर घातलं आणि शेजारच्या वस्तीवर जाऊन सांगून आलो. मध्यंतरी रात्रीच्या ड्रोनच्या अफवांनी कितीतरी गावांत लोक काठ्या घेऊन जागत होते. शिवाय वस्तीवर मोरी उघड्यावर असते, बायामाणसांची कामं चाललेली असतात. वरून कॅमेरा जाणार हे त्यांना आधी कळलं पाहिजे. वस्तीवरच्या काकू म्हणाल्या, "किती वाजता ते सांगा, तेवढा वेळ आम्ही आत बसतो." एवढंच लागतं, पण ते आपण जाऊन सांगावं लागतं. ही सूचना खरं तर सेवा देणाऱ्यांकडून यायला हवी होती.

डिसेंबरातली सकाळ होती. पोरं साडेआठला आली, पण उडवलं नाही. मला वाटलं बॅटरीचा काही घोळ आहे. तर म्हणाले, "आबा, सावल्या लांब आहेत. अकरापर्यंत थांबू." हे ऐकून मला बरं वाटलं. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक झाडाची सावली दोन-दोन ओळींवर पडते आणि सावलीतली जमीन संगणकाला नीट वाचता येत नाही. तोवर त्यांनी दोन फुटी चौकोनी पाट्या मांडल्या. काळ्या-पांढऱ्या खणांच्या, पाच ठिकाणी: चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये विहिरीजवळ एक. प्रत्येकीच्या मधोमध रोव्हरचा दांडा उभा धरून वाचन घेतलं. दांड्याचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पोरगा हलला नाही. मी मागं उभा राहून बघत होतो. मोजणीत माणूस कसा आहे ते त्या बुडबुड्यापाशी कळतं.

अकरा वाजता ड्रोन वर गेला. 80 मीटर उंची. बैलानं नांगर ओढावा तसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तिथं वळून पुन्हा मागं. शेताच्या बाहेरचा ओढा आणि वरचं माळ धरून पंचवीसेक एकरांवर 214 फोटो झाले. मध्ये एक घार आली आणि त्याच्याभोवती फेऱ्या मारायला लागली. पोरानं लगेच खाली उतरवून दहा मिनिटं दम धरला. घाई केली नाही, हेही मला आवडलं.

फोटोतून उंची कशी कळते, हे मला बऱ्याच शेतकऱ्यांनी विचारलं, म्हणून सांगतो. नाकासमोर बोट धरा आणि एकेक डोळा आळीपाळीनं मिटा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं दिसतं. बोट जितकं जवळ, तितकं ते जास्त सरकतं. ड्रोन तेच करतो. पुढचा फोटो मागच्यावर 80 टक्के चढवून घेतलेला असतो, शेजारच्या ओळीवर 70 टक्के. त्यामुळे बांधावरचा एकच दगड दहा-बारा फोटोंत, दहा-बारा जागांवरून दिसतो. प्रत्येक फोटोत तो किती सरकला यावरून त्याची उंची निघते.

आमच्या प्रशिक्षणात हे स्टिरिओस्कोपखाली दाखवलं होतं. विमानातून घेतलेले शेजारशेजारचे दोन फोटो मांडायचे आणि दोन भिंगांतून बघायचं. पहिल्यांदा नुसता राखी रंग दिसतो, मग एकदम डोंगर कागदातून वर येतो. मी दचकून मान मागं घेतली होती. त्या काळी असे फोटो सहजासहजी कुणाच्या हाती लागत नसत, संरक्षणाच्या कारणानं त्यांच्यावर बंधनं होती. आता माझ्या शेताचे असे 214 फोटो पेनड्राइव्हवर माझ्या खिशात आहेत. फ्रान्समध्ये नादार नावाच्या छायाचित्रकारानं 1858 साली बलूनमधून पहिल्यांदा असा फोटो घेतला, आणि त्याच्या डोक्यात तेव्हाच जमीनमोजणी होती. आमची पिढी मात्र शंकू-साखळीवर वाढली. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, आणि एक साखळी लांब-एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. माझे हात अजून त्याच मापात विचार करतात.

आठ दिवसांनी काम हातात आलं. दोन गोष्टी होत्या: सगळे फोटो जोडून केलेला एकच मोठा सरळ फोटो, आणि अर्ध्या मीटरच्या कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. फोटोची फाइल 800 एमबीची. ती फोनवर उघडेना, घरातल्या लॅपटॉपवरही अडकायला लागली. मी फोन केला तेव्हा त्यांनी हलकी पीडीएफ पाठवली. ती पहिल्याच दिवशी द्यायला हवी, शेतकऱ्याच्या घरी काय असतं ते त्यांना माहीत आहे. मी पुढं ती फ्लेक्सवाल्याकडून चार बाय तीन फुटांवर छापून घेतली आणि सोप्याच्या भिंतीला लावली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

फोटोत एक ठिपका म्हणजे जमिनीवर साधारण 2.2 सेंटिमीटर. डाळिंबाचं झाड त्यात नुसतं हिरवं टिंब दिसत नाही, त्याचा घेर दिसतो, ठिबकची नळी रेघेसारखी दिसते. आम्ही 1,140 रोपं लावली होती. भिंतीपुढं स्टूल घेऊन बसलो आणि खडूनं एकेक मोकळी जागा टिपत गेलो. 63 निघाल्या. त्यातल्या वीस-बावीस कुठंही विखुरलेल्या होत्या. बाकीच्या चाळीस एका तिरक्या पट्ट्यात होत्या. बागेच्या ईशान्य कोपऱ्यातून निघून विहिरीच्या वरच्या अंगाला. ओळींना छेद देऊन जाणारा पट्टा, म्हणून जमिनीवरून तो कधी नजरेत भरला नाही. एका ओळीत दोन-तीन झाडं जातात आणि आपण त्या ओळीपुरतं बघतो.

मी तीच रेघ डोळ्यानं पुढं ओढली. बागेच्या पलीकडं शाळू होता. शाळवातही तोच पट्टा होता. तिथं तो मेलेला नव्हता, उलट गर्द हिरवा होता. दोन्ही अंगांचा शाळू पिवळसर आणि मधून दहा-बारा फुटांची काळपट हिरवी वाट, थोडी वळण घेत घेत थेट खालच्या ओढ्याला मिळालेली.

तो आमचा जुना ओहोळ होता. मी लहानपणी त्यात खेकडे धरलेत. 1972 च्या दुष्काळात बंडिंगची कामं निघाली तेव्हा त्यावर पहिली ताल पडली. वडील त्या कामावर होते, घरात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेले. पुढं 1988 ला वडिलांनी बुलडोझर लावून सपाटीकरण केलं आणि ओहोळ बुजवला. सात-आठ गुंठे जमीन वाढली म्हणून सगळे खूश होते. छत्तीस वर्षांत आम्ही त्याला पार विसरलो. पाण्यानं मात्र वाट सोडलेली नाही. पावसाळ्यात ते खालून तिथूनच झिरपत जातं. शाळवाला ती ओल गोड लागते, म्हणून तो तिथं हिरवा. डाळिंबाच्या मुळांना तीच ओल मारते, चिबड जमिनीत मर जोर धरते. विहिरीचा वरच्या अंगाचा कठडा दोनदा ढासळला होता, त्याचंही कारण त्याच रेघेवर सापडलं.

त्या दिवशी मी बराच वेळ भिंतीपुढं बसून होतो. पस्तीस वर्षं नकाशे वाचले, आणि स्वतःच्या शेतातला ओहोळ मला वरून बघितल्यावर आठवला. त्या 63 जागांपैकी पट्ट्यातल्या चाळीस जागा आम्ही पुन्हा भरल्या नाहीत. नुसत्या एवढ्यानं रोपांचे आणि मजुरीचे पैसे वाचले, आणि तिथं आता चर काढायचा हे ठरलं.

आता खोट. कंटूर बघताना तुरीच्या तुकड्यात मला एक उंचवटा दिसला, जवळजवळ दीड मीटरचा. त्या तुकड्यात मी पाटानं पाणी दिलंय, पाणी तिथून खाली पळतं. उंचवटा असता तर ते चढलं असतं का? एका जुन्या सहकाऱ्याकडून डंपी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, आणली आणि मुलाच्या हातात पट्टी देऊन पंधरा ठिकाणी वाचन घेतलं. मोकळ्या जमिनीवर ड्रोनची उंची आणि माझी उंची यांत 4 ते 6 सेंटिमीटरचा फरक, म्हणजे फार चांगलं. तुरीत 1.4 मीटर. उभी तूर तेवढीच होती. ड्रोननं तुरीचा शेंडा मोजला आणि तीच जमीन धरली. कॅमेऱ्याला पिकाखालची माती दिसत नाही, त्यासाठी लेसरनं मोजणारं लायडार लागतं आणि त्याचा खर्च वेगळाच. त्यात ड्रोनचा दोष नाही. पण ही गोष्ट काम घेताना त्यांनी सांगायला हवी होती. नकाशावर एक ओळ लिहिली असती तरी चाललं असतं: "या तुकड्यात पीक उभं होतं, उंची धरू नये." मला ओळखता आलं कारण माझा तो धंदा होता. दुसऱ्या एखाद्यानं त्या उंचवट्याला वळसा घालून चर खणला असता.

मी सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही. मेमध्ये रान मोकळं झाल्यावर पुन्हा येऊन निम्म्या दरात, 6,000 रुपयांत, सगळं परत उडवून दिलं. तेव्हाचा कंटूर नकाशा चोख आला. उंचीसाठी काम असेल तर एप्रिल-मेमध्येच करून घ्या. पिकाची तब्येत, मर, नांग्या म्हणजे झाडं गेलेल्या मोकळ्या जागा बघायच्या असतील तर पीक उभं असताना. दोन्ही एका फेरीत होत नाही.

आता हद्द. ज्याच्यासाठी गुण कापला ते हेच.

पहिल्या कामासोबत त्यांनी न मागता एक तिसरा नकाशा दिला होता. गटाचा नकाशा नेटवरून उतरवून, ताणून, फोटोवर बसवलेला, आणि आमच्या गटाभोवती जाडजूड लाल रेघ. दिसायला अगदी सरकारी. पूर्वेच्या बांधावर ती लाल रेघ आमच्या चुलतभावाच्या रानात जवळजवळ दहा फूट गेलेली. आणि ती पीडीएफ त्यांनी माझ्याबरोबर मुलालाही पाठवली, मुलानं ती घरच्या ग्रुपवर टाकली.

संध्याकाळी चुलतभाऊ दारात. तोंड उतरलेलं. म्हणाला, "दादा, तुम्ही मोजणीतली माणसं. आमचं दहा फूट तुमच्यात निघतंय हे मला आधी सांगायचं तरी." मी त्याला आत बसवलं, चहा दिला आणि टिपणाची, म्हणजे मोजणीच्या मूळ नोंदीची, नक्कल काढून समोर ठेवली. आमची 2009 ची मोजणी झालेली आहे, मोजणीच्या नकाशाची क प्रत दोघांकडे आहे, दोघांच्या सह्या आहेत. हद्दीचे दगड जागेवर आहेत. त्याला घेऊन बांधावर गेलो आणि दोन दगडांमध्ये टेप धरला. माप क प्रतीशी जुळलं. तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

ती रेघ चुकली कशी ते समजून घ्या. 1:5000 प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलीची रेघ म्हणजे जमिनीवर अडीच मीटर, आठ फुटांच्या वर. रेघेच्या जाडीतच एवढं जातं. त्यात जुना कागद आक्रसलेला, स्कॅन करताना थोडा वाकडा झालेला, आणि या पोरांनी तो चार कोपरे धरून फोटोवर ताणलेला. दहा फुटांचा फरक न येता तरच नवल. अशी रेघ काढणं म्हणजे मोजणी नव्हे.

आणि खुद्द फोटोतही हद्द नसते. फोटोत बांध दिसतो. बांध म्हणजे वहिवाट. तो दरवर्षी नांगराच्या फाळानं बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकतो. हद्द असते मोजणीच्या सरकारी कागदांत, म्हणजे टिपणात, फाळणीत, गटबुकात, आणि ती जागेवर दाखवायला रीतसर अर्ज, शेजाऱ्यांना नोटीस, भूकरमापक, पंचनामा लागतो. शेजाऱ्याला नोटीस का देतात? त्यानं उभं राहून "इथं नाही, तिथं" म्हणावं म्हणून. वरून जाणाऱ्या कॅमेऱ्याला कुणी असं म्हणू शकत नाही.

सरकारनं गावठाणं ड्रोननं मोजली तेव्हाही हाच क्रम ठेवला. आपल्याकडे त्याची सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली, पुढं 24 एप्रिल 2020 ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. त्यात ड्रोन उडवायच्या आधी घरोघर जाऊन, मालकाला आणि शेजाऱ्याला समोर घेऊन चुन्याच्या रेघा मारतात. ड्रोन तो चुना टिपतो. त्यानंतर चौकशी, हरकती, आणि मग सनद. हद्द माणसांनी जमिनीवर ठरवली, ड्रोननं ती वरून लिहून घेतली. शेतातला ड्रोनवाला हे उलटं करायला गेला की घरं फुटतात.

मी पोरांना बोलावून हे सगळं क प्रत पुढं ठेवून समजावलं. धाकट्यानं विचारलं, "मग आबा, लोक हद्द मागतात, त्यांना काय सांगायचं?" मी म्हटलं, सांगायचं की हद्दीसाठी मोजणीचा अर्ज करा, आणि मोजणी झाल्यावर हद्दीच्या दगडांवर चुना मारून आम्हाला बोलवा, म्हणजे दगड फोटोत येतील. मेच्या कामात त्यांनी लाल रेघ काढली नाही. आमच्या पाचही हद्दीच्या दगडांवर चुन्याची फुली मारून घेतली आणि फोटोत त्या पाच फुल्या लख्ख दिसतात. ती एक प्रत मी चुलतभावालाही छापून दिली.

शेततळ्याचा निकाल कंटूरनंच लावला. विहिरीचा कठडा 100 धरला, तर जुना ओहोळ जिथं खालच्या तालीला भिडतो ती जागा 96.5 ला आहे आणि वरच्या दहा-बारा एकरांचं पाणी तिथंच उतरतं. धाकट्याचं म्हणणं बरोबर निघालं, फक्त त्यानं दाखवलेल्या जागेपासून साठ-सत्तर फूट पश्चिमेला. 30 बाय 30 मीटरचं, तीन मीटर खोल आखलंय. खुदाई अजून व्हायची आहे, बागेतला चर मात्र मेअखेर काढून झाला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. पहाटे छत्री घेऊन खाली गेलो. चरातून गढूळ पाणी चांगलं धारेनं वाहत होतं आणि तालीच्या पोटात तळं साचलं होतं. पाण्याच्या कडेला उभं राहून जागेचा अंदाज घ्यायला विहिरीकडं आणि आंब्याकडं बघितलं, छापलेला नकाशा उलगडला. कड 96.5 च्या रेषेवर होती, एखाद्या पावलाच्या फरकानं. तिथं मी एक बाभळीची खुंटी ठोकून आलोय.